होडीची खांदेमळण

लातूरमध्ये आम्ही शिडाची होडी दुरुस्त करतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. त्याचंही चुकत नाही. एका उन्हाळ्यात आमच्या गावाला रेल्वेने पाणी आणून पाजावं लागलं होतं, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. अशा गावात, औसा रोडवरच्या एका बंद पडलेल्या डाळमिलच्या शेडमध्ये, पोटात दोन माणसं झोपतील एवढी खोली असलेली पांढरी होडी दर उन्हाळ्यात येऊन बसते, हे ऐकून कुणीही म्हणेल की या बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे, आणि मला ते फार आवडतं.

होडी माझ्या थोरल्या भावाची. आम्ही त्याला अण्णा म्हणतो आणि आईला अव्वा. अण्णाचा जन्म मालवाहू जहाजांवर गेला, त्या नादात लग्नही राहून गेलं. निवृत्त झाल्यावर तो लातूरला आमच्याजवळ राहील असं मी धरून चालले होते. पण त्याने अव्वाला घेतलं आणि नांदेडला बिऱ्हाड थाटलं. का, तर तिथे विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आहे. मग मुंबईहून एक जुनी होडी ट्रेलरवर घालून आणली. वाटेत अहमदपूरच्या ढाब्यावर थांबलो, तेव्हा लोक गोळा झाले. एका म्हाताऱ्याने तिच्या पोटावर टिचकी मारून विचारलं, "ह्ये इमान हाय का?" अण्णा चहाची बशी खाली न ठेवता म्हणाला, "हाव. पंख मागच्या गाडीत येऊलालेत."

पाणी नांदेडला असलं तरी छप्पर लातूरला होतं. वडिलांची डाळमिल बंद पडली, शेड उरली. रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान मात्र चालू राहिलं आणि ते मी चालवते. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की होडी ट्रेलरवर चढते आणि लातूरला माहेरपणाला येते. तिच्याबरोबर अण्णा आणि अव्वाही येतात. माझा नवरा शहाणा माणूस. तो दुकानाची चावी स्वतःकडे घेतो आणि पावसाळा संपेपर्यंत मला काही विचारत नाही.

मला हा नाद कसा लागला ते सांगते. पहिल्या वर्षी अण्णाने मला होडीत बसवून पाण्यावर नेलं. काठापासून लांब गेल्यावर शीड वर चढवलं, दोरी ओढली आणि होडी एका अंगाला कलून चालायला लागली. ना इंजिन, ना आवाज, नुसती पाण्याची सळसळ. मी ओरडले. अण्णाला वाटलं घाबरले म्हणून त्याने दोरी सैल सोडली, तर मी त्याच्यावरच खेकसले की सोडू नको, ओढ! त्या दिवसापासून मी दोरीवर आणि अण्णा सुकाणूवर, अशी आमची वाटणी पक्की झाली. सुकाणूचा दांडा त्याने मला कधी धरू दिला नाही. मागून बघितलं, भांडून बघितलं, एकदा तर रुसून काठावर बसले. त्याने जाऊन एकट्याने फेरी मारून आणली.

औंदा चैत्रात अण्णाच्या छातीवर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की ओढायचं नाही, उचलायचं नाही, झटका बसेल असं काही करायचं नाही. लातूरला माझ्या घरी आल्यावर तो काही दिवस भिंतीकडे बघत पडून राहिला आणि मग एका सकाळी शांतपणे म्हणाला, "होडी काढून टाकू. पुण्याचं एक गिऱ्हाईक हाय, लई मागं लागलंय."

मी त्याच्यासाठी ज्वारीची आंबील घेऊन उभी होते. हातातला वाडगा आदळायचा तेवढा राहिला.

"विकायची न्हाई," मी म्हणाले.

"मग चालवणार कोन? तू?"

"हाव. मी."

तो हसला. हसल्यावर टाके दुखले म्हणून छातीवर हात धरून पुन्हा हसला. त्या दुसऱ्या हसण्याने माझं डोकं सणकलं. आजारी माणूस म्हणून गप्प बसायचं असतं हे मला कळतं, पण वळत नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अव्वा स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, एवढं सांगितलं तरी पुरे.

माझं बोलून झाल्यावर अण्णाने अट घातली. यंदाचं सगळं काम मी करायचं, बुडापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत. तो खुर्चीवर बसून बघणार. हात लावणार नाही आणि सांगणारही नाही. दसरा झाला, धरण भरलं, की मी एकटीने सुकाणू धरून होडी पलीकडच्या काठापर्यंत न्यायची आणि परत आणायची. पुण्याच्या पाहुण्यांनाही त्याच दिवशी बोलवायचं. धड परत आणली तर होडी घरात, नाहीतर त्यांच्या ट्रेलरवर.

"कबूल," मी म्हणाले. रात्री झोप लागली नाही ती मात्र भीतीने नव्हे, आनंदाने. सुकाणू! मी अंथरुणात पडल्या पडल्या उजव्या हाताने हवेतला दांडा धरून वळवत होते. नवरा म्हणाला, "माशी हाय का?"

ट्रेलर शेडमध्ये लागला आणि मी पदर खोचला. पाण्यात राहिलेल्या होडीच्या बुडावर हिरवट, बुळबुळीत थर असतो. तो ओला असतानाच निघतो, वाळला की दगड होतो. लातूरला पाणी जपून वापरायची सवय हाडीमाशी भिनलेली, म्हणून मी बुडाखाली ताडपत्री पसरली आणि धुतलेलं पाणी बादल्यांनी उचलून शेडमागच्या लिंबाला घातलं. मग सगळं बूड हाताने चाचपून पाहिलं. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला लागतं: इथे बारीक खड्डा, तिथे केसाएवढी चीर, आणि एका जागी फायबरला फोड आलेला. फोड फोडला, वाळू दिला, लांबी म्हणजे पुटी भरली आणि ओल्या पॉलिश पेपरने घासत सुटले. पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. संध्याकाळी पाहावं तर माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि अव्वा म्हणायची, "आता वयाला शोभायलीस."

होडीच्या पोटाखाली एक लोखंडी पातं असतं. ते खाली सोडलं की होडी वाऱ्याने आडवी वाहत जात नाही. आम्ही त्याला फाळ म्हणतो. इंग्रजी नाव अण्णाला ठाऊक आहे, पण अव्वाने पहिल्याच दिवशी वाकून पाहिलं, "फाळ हाय की नांगराचा" म्हणाली, आणि ते नाव ठरून गेलं. तसंच डोलकाठीला चारी बाजूंनी बांधून धरणाऱ्या तारांना आम्ही मांडवाचे म्हणतात तसे तणावे म्हणतो. तर फाळाला गंज चढला होता. तो तारेच्या ब्रशने खरवडून चकचकीत केला आणि ओलसर हवा लागायच्या आत रेड ऑक्साइडचा हात मारला. ते मी इतक्या घाईने केलं, की रंग केसांत गेला आणि पुढचे काही दिवस दुकानातली गिऱ्हाइकं मला मेंदीचा ब्रँड विचारत होती.

अण्णा हे सगळं खुर्चीवरून बघत होता. बोलायचं नाही असं त्यानेच ठरवलेलं, म्हणून तो खोकायचा. मी चुकीचा नट सोडायला घेतला की खोकला. पाना उलटा धरला की खोकला. होडीच्या टपावर दोरी गुंडाळून घट्ट करायचा एक ढोल असतो, त्याला विंच म्हणतात. तो मी परातीत उघडला, कारण त्याच्या आतल्या बारीक स्प्रिंगा उडाल्या की देवालाही सापडत नाहीत. सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, पुसले, दात्यांना ग्रीस लावलं आणि ढोल उलटा फिरू न देणाऱ्या छोट्या खिट्ट्यांनाही ग्रीसचं बोट लावायला निघाले. खोकला आला. चांगला लांबलचक.

"खोकू नको!" मी ओरडले. "टाके तुटतील अन् माझ्या नावावर येईल!"

पण बोट थांबलं होतं. मग आठवलं: खिट्ट्यांना ग्रीस लावलं तर त्या चिकटून बसतात आणि ऐन वेळी ढोल उलटा सुटतो. तिथे नुसता तेलाचा थेंब घालायचा. घातला. विंच जोडून हाताने फिरवला तर कट्‌कट्‌कट्‌ असा स्वच्छ आवाज आला, आणि मला इतका हर्ष झाला की मी तो उगीचच फिरवत बसले. अण्णा दुसरीकडे बघत होता, पण त्याचा पाय तालावर हलत होता. टपावरचे कठड्याचे बोल्ट सोडून खाली नवं सीलंट भरलं, खिडकीचं रबर बदललं, कप्प्या धुतल्या. दोऱ्या साबणाच्या पाण्यात भिजवून अंगणभर वाळत घातल्या, तेव्हा शेजारीण विचारायला आली की कुणाचं लग्न आहे.

मग तणावे. डोलकाठी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती आणि तारा शेजारी सरळ पसरल्या होत्या. तारेचा एखादा बारीक धागा तुटला तर तो डोळ्याला दिसत नाही. पण तसा एक तुटला म्हणजे बाकीच्यांवर ताण आला, आणि एक दिवस जोराच्या वाऱ्यात अख्खी काठी डोक्यावर येते. अण्णा दरवर्षी तारेवरून फडकं फिरवायचा. मी घरातला वातीचा कापूस घेतला. आपल्याकडे कापसाला काय तोटा! चिमटीत बोळा धरून तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच ओढत गेले. पहिली तार साफ. दुसरी साफ. तिसरीच्या अगदी खाली, जिथे तार धातूच्या नळीत शिरते, तिथे कापूस अडकला. एक पांढरी बट तारेवर राहिली.

मी वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. तुटलेला धागा, जेमतेम नखाएवढा.

"अण्णा!" मी तारेवर बोट ठेवलं. "तुटलाय! बघ, तुटलाय!"

"हाव," तो म्हणाला. "मला पाण्यावर असतानाच शंका आली होती."

"आणि सांगितलं न्हाईस?"

"सांगायचं न्हाई ठरलंय."

मी कापसाचा बोळा त्याच्या अंगावर फेकला. राग खरा होता. ही तार मला सापडली नसती, तर तो मला तशीच पाण्यावर जाऊ देणार होता का? मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "सापडली नसती तर होडी शेडबाहेर निघाली नसती. तवाच विकून मोकळा झालो असतो." सांत्वन करायची ही आमच्या घरातली पद्धत. पण त्या दिवशी मला रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. मला सापडली होती! कुणी न सांगता, वातीच्या कापसाने. नवी तार मुंबईहून मागवली. ती आली तेव्हा मी कुरिअरवाल्याला बसवून चहा पाजला.

राहिला होता फक्त रंग. श्रावण संपत आला होता, बाहेर भुरभुर पाऊस, शेडमध्ये कोरडं. मी बुडावरून शेवटचा बारीक पेपर फिरवला, धूळ पुसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमर मारायचा म्हणून दुकानात डबे काढायला गेले. दुसऱ्या दिवशी पोळा होता हे माझ्या ध्यानात होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे काय करतात, ते मात्र साफ विसरले.

परत आले तर होडी पिवळी.

सगळी नव्हे. पुढचं टोक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे होडी रुंद होत जाते तो भाग. त्यावर लोणी आणि हळद चोळून चोळून मुरवलेली. डोलकाठीवर विभूतीचे तीन पट्टे. खाली पाटावर बसून अव्वा पितळेचा वाडगा बोटाने पुसत होती आणि होडीला निवांत सांगत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही खांदेमळण. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोललेले असतात, ते पोळ्याच्या आदल्या दिवशी लोण्या-हळदीने मळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. शेती विकली, बैल गेले, त्यानंतर अव्वाने कुणाचे खांदे मळले नव्हते.

"अव्वा! काय करून ठेवलंस!"

"काय केलं? वरीसभर वढती ती बिचारी. खांदं नगं का मळाया?"

"रंग धरणार न्हाई आता त्याच्यावर! लोणी हाय ते, लोणी!"

"घरचं हाय," अव्वा म्हणाली.

अण्णा खोकतसुद्धा नव्हता. त्याने तोंडावर पंचा धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

आता माझी हुशारी ऐका. रंगाच्या दुकानात जन्म काढलेली मी. तेलकट जागा कशी साफ करतात हे मी गिऱ्हाइकांना रोज शिकवते. पण मला घाई झाली होती, राग आला होता, आणि होडी उद्याच्या उद्या रंगवायची होती. मी थिनरमध्ये एक फडकं भिजवलं आणि भराभर पुसत गेले. एकच फडकं. पिवळं दिसेनासं झालं, मी खूश झाले. सकाळी पुरणाचा वास घेत घेत प्रायमर मारला. मारला आणि बघते तर रंग ओला असतानाच मागे सरतोय. जागोजागी वाटोळी भोकं, माशाचे डोळे बघावेत तशी, आणि ती नुसती पुढे नव्हे तर पार सुकाणूपर्यंत. त्या एका फडक्याने मी अव्वाचं लोणी अख्ख्या होडीला नेऊन लावलं होतं. अव्वाने खांदे मळले. मी सगळं अंग मळलं.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि रडले. उघड रडले, उगीच लपवू कशाला! मेहनत फुकट गेली म्हणून रडले, आणि दसरा आलाच म्हणून रडले. पुण्याचा तो पाहुणा होडीच्या बुडावर हात फिरवून अण्णाला म्हणेल, "हे काय हो?" आणि अण्णा काहीच म्हणणार नाही, हे डोळ्यापुढे येत होतं. अण्णा खुर्चीवरून उठला, माझ्यापर्यंत आला आणि ठरल्याप्रमाणे काहीही न बोलता परत जाऊन बसला. त्याला बोलायचं होतं हे मला दिसत होतं.

मग अव्वा आली. इरकली लुगड्याचा काष्टा कसून, हातात भांड्यांची पावडर आणि नारळाच्या काथ्या.

"लोण्याचं भांडं मी रोज घासते," ती म्हणाली. "ऊठ."

आधी सगळा प्रायमर खरवडून काढला. मग साबण, मग कोमट पाणी, पुन्हा साबण. प्रत्येक वेळी मी वरून तांब्याभर पाणी सोडायचे आणि आम्ही दोघी बघत राहायचो. कातडी तेलकट असली की पाण्याचे थेंब थेंब होतात. स्वच्छ असली की पाणी चादरीसारखं एकसंध उतरतं. पहिल्यांदा थेंब. दुसऱ्यांदा थेंब. टाकीतलं पाणी संपलं, आम्ही टँकर बोलावला. टँकरवाल्याने विचारलं, "घरी काय कार्य हाय का?" अव्वा म्हणाली, "बैल धुऊन राहिलो." तो होडीकडे बघत बघत निघून गेला. आणि मग केव्हातरी एकदा पाणी वरून सुटलं आणि कुठेही न फाटता, सरळ, खालपर्यंत गेलं. अव्वाने आणि मी एकाच वेळी आरोळी ठोकली. शेडच्या पत्र्यावरचे पारवे उडाले.

त्यानंतरचं काम गणपतीपासून नवरात्रापर्यंत गुण्यागोविंदाने झालं. पुन्हा पेपर, प्रायमर, रंगाचे हात. या वेळी मी प्रत्येक फडकं एकदाच वापरलं आणि शेडला कुलूप घातलं. दसऱ्याला अव्वाने होडीला लांबूनच आपट्याचं पान दाखवलं. दसरा झाला आणि आम्ही निघालो. लोहा गेलं, नांदेड आलं, काळेश्वराच्या देवळापलीकडचा काठ आला. धरण काठोकाठ भरलेलं, पाणी अजून गढूळ पण शांत, आणि पश्चिमेचा हलका वारा. आम्ही डोलकाठी उभी केली, नवा तणावा लागला, सगळ्या पिना नव्या घातल्या, त्यांची टोकं वळवून वर टेप गुंडाळला. अण्णा प्रत्येक पिनेजवळ जाऊन उभा राहिला. एकदाही खोकला नाही.

पुण्याचे पाहुणे आले होते. पांढरे बूट घातलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी बुडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अप्रतिम काम आहे. कुठे करून घेतलंत?"

"लातूरला," अण्णा म्हणाला. पाहुणे हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

होडी पाण्यात सरकली. मी लाइफ जॅकेट चढवून आत गेले आणि मागे वळून बघते तर अव्वा गुडघाभर पाण्यात उभी. तिने आजवर होडीत पाऊल ठेवलं नव्हतं. पाणी दुरून बघावं, असं तिचं मत.

"अव्वा, तिनं एकटीनं जायचं ठरलंय," अण्णा म्हणाला.

"तुझ्या टायमाला बसले मी काठावर," अव्वा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू कंच्या समुद्रात हायस, जित्ता हायस का न्हाई, कायबी ठावं नसायचं. लई बसले. आता न्हाई बसत. हात दे गं."

मी हात दिला. इरकलीवर केशरी जॅकेट बांधून अव्वा मधोमध बसली आणि दोन्ही हातांनी बाक धरून म्हणाली, "चल."

मी सुकाणूचा दांडा धरला. गुळगुळीत, अण्णाच्या हाताने झिजलेला. शीड चढवलं, ते फडफडलं, दोरी विंचवर घेतली. कट्‌कट्‌कट्‌! वारा भरला, होडी कलली आणि निघाली. मी काहीतरी ओरडत होते. काय ते आठवत नाही. हातातल्या दांड्याला पाण्याची थरथर लागत होती, म्हशीच्या गळ्यावर हात ठेवल्यावर लागते तशी जिवंत, आणि दांडा बोटभर इकडे केला की अख्खी होडी ऐकायची. मी केलेली होडी! तो फाळ मी घासलेला, ती तार मी शोधलेली. जगातल्या सगळ्या माणसांनी एकदा तरी सुकाणू धरावं असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजूनही वाटतं.

मधोमध गेलो आणि वाऱ्याचा झोत आला. पाण्यावर काळी सावली धावत आली, होडी एकदम इतकी कलली की अव्वाचे पाय वर झाले. पाणी कठड्याला लागलं. नवा तणावा वीणेसारखा वाजला. हातांना ठाऊक होतं. दोरी हातभर सोडली, दांडा सैल केला, होडी दम खाऊन सरळ झाली. काठीकडे बघितलं. काठी ताठ. अव्वाकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते.

"अव्वा, भ्यालीस?"

"न्हाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "पुन्हा कर."

पलीकडचा काठ गाठला, वळवली, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आलं. परत येताना वारा तोंडावर, म्हणून नागमोडी यावं लागत होतं. काठावर दोन ठिपके दिसत होते. जवळ आलो तशी माणसं झाली. पाहुणे हात हलवून काहीतरी बोलत होते, बहुतेक सौदा ठरवत होते. अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो होडीकडे बघत होता, तोंड थोडं उघडं ठेवून, आणि तेव्हा मला उमगलं की त्याने आपली होडी चालताना कधी पाहिलीच नव्हती. तो नेहमी आतच असायचा.

मी शीड सैल सोडलं, होडी काठाशी आणली. अण्णा चपला हातात घेऊन पाण्यात शिरला. पाहुणे मागून म्हणाले, "मग काय ठरवायचं?" त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. तो मांडीभर पाण्यात आला, कठडा धरला, मी आणि अव्वाने मिळून त्याला आत घेतलं. ओल्या पँटने तो सरळ मागे आला, सुकाणूजवळ, सवयीने. माझा हात दांड्यावर होता. मी तो काढला नाही.

अण्णा थांबला. माझ्या हाताकडे बघितलं, मग होडीकडे, आपल्याच होडीकडे, पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखं.

"कुठं बसू?" त्याने विचारलं.

अव्वाने बाकावर थोडं सरकून घेतलं आणि आपल्या शेजारची जागा हाताने पुसली. तो तिथे बसला.